तिसरी फरशी

मालन खराडे माझ्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तिला माझ्याकडून काय काय मिळण्यासारखं आहे याचा हिशेब मी बनियनवर सदरा चढवायच्या आत करून टाकला होता. रविवारची सकाळ होती. सांगलीच्या बाजार समितीत हळदीच्या सौद्यांच्या नोंदी करण्यात मी तोवर वीस वर्षं घालवली होती, आणि एवढ्या अनुभवावर माणूस कशासाठी आलाय हे त्याच्या पिशवीवरून कळायला लागतं. तिच्या पिशवीत पेरू-बोरं दिसत नव्हती. म्हणजे भावाला नोकरीत चिकटवायचं काम नाही. कागदांची सुरळी नव्हती. म्हणजे कविता नाहीत, सुटलो. राहता राहिली एकच शक्यता. बाईनं माझी कथा वाचली होती, तिला रडू आलं होतं आणि आता ती मला स्वतःची कहाणी ऐकवणार होती. पुरस्कार जाहीर झाल्यापासून अशा तिघी येऊन गेल्या होत्या. चौथीला अर्धा कप चहा आणि माझा गंभीर चेहरा, यापलीकडे काही द्यायचं नाही असं मी ठरवलं.

मग तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि माझी नजर तिच्या डाव्या भुवईवर गेली. जुन्या जखमेच्या वणानं ती भुवई मधोमध तुटली होती. ही भुवई मी निदान शंभर वेळा पाहिली होती. बाईला मात्र आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

"वळखलंसा?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

त्या वेळी मी कथा कुठून आणत होतो ते आधी सांगायला हवं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एक माझी बायको कुमुद सोडून, आणि तिला सांगावं लागलं नव्हतं.

आमच्याकडे संध्याकाळी मालिका लागत. मालिका चालू असेपर्यंत मी आतल्या खोलीत. जाहिराती लागल्या की घरातलं माणूस न् माणूस उठे. कुणी कुकर उतरवायला, कुणी मोरीकडे. आणि मी तेवढा बाहेर येऊन खुर्चीत बसे. "या, तुमचा कार्यक्रम लागला," कुमुद म्हणायची.

माझं म्हणणं असं होतं की मालिकेत शंभर भागांत जे घडत नाही ते जाहिरातीत तीस सेकंदांत घडतं. माणूस अडलेला असतो, काहीतरी हातात येतं, माणूस सुटतो. मी एक वही केली होती. तिच्यात तीन खाने: आधी, नंतर, पुढे. पहिले दोन जाहिरातवाल्यांचे, तिसरा माझा. मुलानं बापाला नवी स्कूटर आणून दिली, बापानं डोळे पुसले, इथं जाहिरात संपायची. माझ्या कथेत तो बाप रोज सकाळी स्कूटर फडक्यानं पुसतो आणि पिशवी घेऊन चालत बाजाराला जातो, कारण मुलानं चावी स्वतःकडेच ठेवलीय. केस काळे करणाऱ्या बाईचं पुढे मी लिहिलं. ज्याच्यासाठी तिनं ते काळे केले त्यानं तिला ओळखलंच नाही. चार वर्षांत अशा नऊ कथा झाल्या. दिवाळी अंकांचे संपादक पत्रातून कळवत की माझ्या कथांना जगण्याचा वास आहे. कुणी विचारलंच, हे सुचतं कुठून, तर मी म्हणायचो, माणसांत हिंडतो. हिंडणारा दिसावा म्हणून एक खांद्याची झोळीही घेतली होती. तिच्यात टीव्हीचं वेळापत्रक असायचं.

अश्वगती तेलाची जाहिरात आमच्या भागातल्या केबलवर दुपारच्या मराठी पिक्चरमध्ये लागायची. गुडघेदुखीवरचं तेल, कंपनी जिल्ह्यातलीच, काम स्वस्तातलं. एक म्हातारी खाटेवर कण्हतेय. सून पायाशी बसून तेल चोळते. म्हातारी उठते, ओसरीवरून अंगणात उतरते आणि एकटी चालत तुळशीपर्यंत जाते. मागं सून उभी, हातात बाटली. बासरी वाजते. संपलं.

पण संपायच्या आधी एक अर्धा सेकंद होता. म्हातारी चालू लागते तेव्हा सून हसत असते, आणि मग एकाएकी तिचं हसू पुसलं जातं. ती खाली बघते, कुठंतरी बाजूला. चेहरा असा पडतो, की जणू हातातलं काहीतरी निसटलंय. जाहिरातवाल्यांनी तेवढं कापायला हवं होतं. नाही कापलं. मी चार दुपारी रजा टाकून ती जाहिरात पाहिली आणि वहीच्या तिसऱ्या खान्यात लिहिलं: सासू चालायला लागली याचं सुनेला दुःख झालंय.

तिथून कथा सरळ होती. नाव 'मालिश'. सासू अंथरुणाला खिळल्यामुळे सुनेच्या कमरेला पहिल्यांदाच घराच्या किल्ल्या आल्यात. डॉक्टर तेल देतो, सासूला गुण येऊ लागतो. मग सून एक दिवस बाटलीतलं औषधी तेल मोरीत ओतते, बाटलीत घरातलं गोडंतेल भरते आणि रोज संध्याकाळी न चुकता, प्रेमानं, सासूचे पाय चोळत राहते. सासूला वासावरून कळतं. ती बोलत नाही. शेवटचं वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं. ते इथं देत नाही.

अंक कोल्हापूरचा होता. तिथले चित्रकार आंबेरकर, त्यांच्याकडे गणपतीच्या सुमाराला तीस-पस्तीस कथांचे गठ्ठे पडलेले असत. सगळ्या वाचत बसायला माणसाला वेळ कुठला. ते लेखकाला ऑफिसात फोन करत. "बाई कशी आहे तेवढं सांगा. नऊवारी का पाचवारी? बाकी मी बघून घेतो." माझ्यापुढे त्या क्षणी हळदीच्या पोत्यांचे आकडे होते आणि व्यापारी खोळंबले होते. मी म्हणालो, "आंबेरकर, दुपारी केबलवर अश्वगती तेलाची जाहिरात लागते. त्यातली सून बघा. तीच."

मला तो विनोद वाटला होता. आंबेरकर कामाचे पक्के निघाले. दिवाळीत अंक हातात आला तेव्हा माझ्या कथेच्या डोक्यावर दोन पानं भरून ती बाई होती, हातात बाटली, आणि डावी भुवई मधोमध तुटलेली.

मला खरंच कधी वाटलं नव्हतं की जाहिरातीतली माणसं कुठं राहत असतील. नऊ कथा केल्या, पण ती स्कूटरवाली, केसवाली मंडळी तीस सेकंद संपल्यावर कुठल्या गावच्या गाडीत बसून घरी जातात, हा प्रश्न माझ्या तिन्ही खान्यांत कुठंच बसत नव्हता.

ती घरी जाते हिंगणवाडीला. तासगावच्या अलीकडे उतरायचं, तिथून दीड मैल.

मालन चटईवर बसली आणि तिनं जे सांगितलं ते बाजारात भाव सांगावा तितकं सरळ सांगितलं. कंपनीवाले चांगलं अंगण आणि तुळस शोधत गावात आले होते. यांच्या अंगणात बसून चहा प्याले, सासू-सुनेला एकत्र बघितलं आणि म्हणाले, नट-नट्या कशाला आणा, तुम्हीच करा. मोबदला म्हणून तेलाच्या आठ बाटल्या आणि सासूला एक हिरवं लुगडं. गावात मालनचं नावच पडलं, तेलवाली. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. घरात या दोघीच. सासूचं नाव सगुणाबाई. जाहिरातीतलं दुखणं खरंच होतं, चोळणंही खरं होतं, गेली सहा वर्षं.

दिवाळीनंतर हिंगणवाडीच्या वाचनालयात कथावाचन असतं. कार्यवाह कुंभोजकर गुरुजी, निवृत्त शिक्षक, दरवर्षी अंकातली एक चांगली कथा निवडून बायकामाणसांना वाचून दाखवतात. गुरुजींनी यंदा माझी निवडली, कारण चित्रात त्यांना आपल्या गावची बाई दिसली. त्यांना अभिमानच वाटला. वाचायच्या आधी अंक उघडून त्यांनी ते चित्र सगळ्यांपुढून फिरवलं. सगुणाबाईंना खुर्चीसकट उचलून पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं.

"आत्ती शेवटपर्यंत ऐकत हुत्या," मालन म्हणाली. "घरी आल्यावर मी बाटली घिऊन पायापाशी बसले. म्हनल्या, बघू बाटली. वास घेतला. परत माझ्या हातात दिली. म्हनल्या, आज राहू दे." तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "तवापासनं रोज आज राहू देच हाय."

आणि बाकीचं. जेवणाचं ताट शेजारणीनं वाढलं तरच सासू जेवते. मालननं कमरेच्या किल्ल्या काढून उशाशी ठेवल्या, तर सासू म्हणाली, आता कशाला. पुरस्काराच्या समारंभात मी जे बोललो ते पेपरात आलं होतं, तेही गुरुजींनी घरी येऊन वाचून दाखवलं होतं. ते वाक्य मी तयार करून गेलो होतो: ही कथा मी रचलेली नाही, मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. टाळ्या पडल्या होत्या. पाहिली तर होतीच की, असं मी खाली येऊन बसताना मनाशी म्हटलं होतं.

मालननं पिशवीतून बाटली काढली. सीलबंद, लाल टोपणाची. माझ्यासमोर टोपण फिरवलं आणि बाटली पुढे केली.

"वास घ्या."

कापूर आणि निलगिरी. डोळ्यांत पाणी येण्याइतका.

"गोडंतेल हाय का?"

"नाही."

"तेवढंच येऊन सांगायचं. मला तुमच्यासंगं भांडायचं न्हाई. संक्रातीनंतरच्या रविवारी गुरुजींनी तुमाला सत्काराला बोलवलंय, तुमी येनारच हाय. तवा दोन मिंटं आमच्याकडं यायचं आन् आत्तीला सांगायचं, हे मी टीव्हीवर बघून रचलं. सोमवारी वन्सं यायच्या हायत जयसिंगपूरनं, त्यांना घिऊन जायला. एकदा गेल्या की गेल्या. माझं कुनी ऐकायचं न्हाई. डोळ्यांनी बघितलं असं तुमी म्हनलासा, मग न्हाई बघितलं हेबी तुमीच म्हनायला पायजे."

म्हणजे तिला माझ्याकडून एक वाक्य हवं होतं. चार-पाच शब्दांचं. एवढं स्वस्त मागणं माझ्या दारात त्याआधी आलं नव्हतं.

मी वाक्याची किंमत करत होतो तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कुमुद बाहेर आली. तिच्या हातातला कप काठोकाठ भरला होता. "सांगतील," ती मालनला म्हणाली. माझ्याकडे बघायची तिला गरज वाटली नाही.

जाताना मालन बाटली विसरली, किंवा ठेवून गेली.

संक्रांतीनंतरच्या त्या रविवारी दुपारी मी हिंगणवाडीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा कुंभोजकर गुरुजी हार घेऊन उभे होते. धोतर, वर काळा कोट, बोलायची जुनी सवय. वाटेनं त्यांनी मला सत्काराची रूपरेषा सांगितली. आधी तिळगूळ, मग शाल-नारळ, मग माझं भाषण. भाषणाचा विषय त्यांनी माझ्या अनुमतीवाचून जाहीर करून टाकला होता: दूरचित्रवाणीचं आक्रमण आणि साहित्यिकाची जबाबदारी. "लोक त्या डबड्यापुढं बसून कुजले हो. तुमच्यासारखा एखादाच आता माणसांत हिंडून लिहितो. गावाला हे कुणीतरी कान पिळून सांगायला हवं." मी झोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

मला आधी खराड्यांच्या घरी जायचंय, असं मी म्हणालो तर गुरुजी रस्त्यात उभेच राहिले. मग त्यांनी माझा दंड धरला. "म्हणजे तेच घर," ते हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलंच होतं. चला, मीही येतो." नको म्हणायला मला कारण सापडेना. खरं म्हणजे सापडलं होतं. ते उच्चारणं म्हणजे सगळंच सांगणं होतं.

अंगणाचं दार लोटलं आणि मला ते घर ओळखीचं वाटलं. तुळस जिथं होती तिथंच होती. तिच्यापासून ओसरीपर्यंत शहाबादी फरशांची पायवाट. आत शिरल्या-शिरल्या माझं लक्ष ओसरीवरच्या खाटेकडे होतं, आणि पायरी चार पावलांवर आली असताना माझा अंगठा कशाला तरी ठेचला. पडलोच असतो. गुरुजींनी सावरलं.

"जपून," मालन ओसरीवरून म्हणाली. "तिसरी फरशी उचललेली हाय."

मी खाली बघितलं. पायरीपासून तिसरी. एक कोपरा बोटभर वर आलेला, खालची जमीन फुगलेली.

"शूटिंगच्या टायमाला आत्ती हितंच ठेचकाळल्या हुत्या," ती म्हणाली. "दोनदा. धरल्याबिगार त्यांना चालाय येत न्हवतं. पन ते लोक म्हनले, हात सोडा, एकटीनं चालल्या पायजेत. मग सोडला हात. पन मी बघत हुते."

मग ती पाणी आणायला आत गेली.

मी त्या फरशीवर उभा होतो. त्या अर्ध्या सेकंदात ती कुठं बघत होती ते आता माझ्या अंगठ्याला कळलं होतं. बासरी सुरू झालीय, म्हातारी पुढं निघालीय, सगळ्यांनी हसायचं ठरलंय, आणि ही एकटीच पावलं मोजतेय: पहिली, दुसरी, आता तिसरी. तो पडलेला चेहरा भीतीचा होता. रजा टाकून मी चार दुपारी तो पाहिला होता.

सगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगावर कंपनीचं हिरवं लुगडं. पाय सुजलेले, समोर ठेवलेले, दुसऱ्याचे असावेत तसे. उशाशी किल्ल्यांचा जुडगा. टीव्हीवर दिसायच्या त्यापेक्षा बारीक, पण डोळे तिथं दिसले नव्हते इतके तल्लख.

"तुमीच का ते लिवनारं?"

"हो, आजी."

"या. बसा. मास्तर, तुमीबी बसा. कार्यक्रमाची वेळ हुईल तुमची." म्हातारीनं मला पायापासून वर न्याहाळलं. "आमच्या घरात याच्या आदी कवा आला हुतासा?"

"नाही. आजच."

"मग बघितलं कुठनं?"

मालन दाराशी आली होती, हातात पाण्याचा तांब्या. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात मागणं नव्हतं, खात्री होती. कुमुदनं दिलेली खात्री.

टीव्हीवर. तेलाच्या जाहिरातीत. बाकी मनाचं घातलं. एवढं म्हणायचं होतं. माझ्या तोंडात ते तयार होतं. हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. तयार होतं म्हणूनच सांगतो. पण शेजारी कुंभोजकर गुरुजी बसले होते, मांडीवर माझ्याच सत्काराची शाल घडी घालून ठेवलेली, आणि मान पुढे करून ऐकत होते. एका तासानं मला दूरचित्रवाणीच्या आक्रमणावर बोलायचं होतं. त्यानंतर हा माणूस सांगलीला पत्र लिहिणार, सांगलीचे लोक कोल्हापूरला सांगणार. पुरस्कार देणाऱ्यांनी मानपत्रात 'जीवनानुभव' हा शब्द दोनदा घातला होता.

"आजी," मी म्हणालो, "कथेत थोडं खरं असतं, थोडं रचलेलं असतं."

हे वाक्य मी मुलाखतींत वापरत असे. तिथं ते चालून जायचं. म्हातारीनं ते घेतलं, उलटंपालटं केलं आणि बाजारातल्या जुन्या गिऱ्हाइकासारखं नेमकं किडक्या जागी बोट ठेवलं.

"मग ह्यातलं खरं कुठलं?"

अजूनही वेळ गेली नव्हती. 'काही नाही' असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. दोन शब्द.

"ते ज्याचं त्यानं ओळखायचं असतं, आजी."

"वा," गुरुजी म्हणाले. अगदी मनापासून.

सगुणाबाईंनी मान हलवली. एकदाच. त्यांना जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं. एवढा शिकलेला माणूस सांगलीहून घरी आला, सुनेच्या समोर त्याला नीट विचारलं, आणि तो नाही म्हणाला नाही. दुसरं काय समजायचं असतं?

मालन पुढे झाली आणि तांब्या सासूपुढे केला. सगुणाबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तेवढा तांब्या घ्या तिच्या हातातनं, आन् मला पानी द्या."

गुरुजींना त्यात काही वावगं वाटलं की नाही, देव जाणे. त्यांनी तांब्या घेतला, फुलपात्रात पाणी ओतलं आणि म्हातारीच्या हातात दिलं. ती गटागट प्याली. पुष्कळ वेळची तहान असावी. शेजारीण त्या दिवशी वाणाला गेली होती.

मालनचे हात तांब्या धरल्यासारखे तसेच राहिले होते. मी उठलो. तिच्याकडे बघायचं टाळून पायरी उतरलो, आणि बघायचं टाळायचं म्हणून मान वळवूनच चाललो. मागून आवाज आला.

"जपून. तिसरी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी आजवर तो फेडून टाकला असता. कुणी त्या अंगणातून चाललं की त्याच्या पावलांकडे बघायची त्या बाईला सवय होती, आणि पाऊल कुणाचं आहे हे ती बघत नव्हती.

भाषण चांगलं झालं. टीव्हीमुळे आपलं माणसांकडे बघायचं सुटलं, असं मी म्हणालो. त्यालाही टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला मालन नव्हती. सगुणाबाईंची खुर्चीही नव्हती.

घरी आलो तर कुमुद बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत होती. टीव्ही चालू होता.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

तिनं ताटातून एक खडा वेचून बाजूला ठेवला. "काय म्हणाल्या त्या?"

"समजलं म्हणाल्या."

तिला ते पटलं नाही हे मला तेव्हाच कळलं, कारण तिनं पुढं काही विचारलं नाही. जरा वेळानं मालिका थांबली, जाहिराती लागल्या. मी खुर्चीत बसलेलोच होतो, पण कुमुद नेहमीचं वाक्य बोलली नाही. तेव्हापासून कधीच बोलली नाही. वही मी माळ्यावर टाकली. मी लिहिणं सोडलं असं कुणी समजू नये; माणूस एवढ्यावर लिहिणं सोडत नाही. त्याच वर्षी कथासंग्रह निघाला, 'मालिश' हेच नाव ठेवून. आंबेरकरांचंच चित्र मुखपृष्ठावर घ्यावं असा प्रकाशकाचा आग्रह होता. मी सौम्य विरोध केला आणि घेऊ दिलं.

पुढचं मला गुरुजींच्या पत्रांतून कळत गेलं. ते वर्षातून एक पत्र टाकत, गावची खबरबात मजेत लिहीत. सगुणाबाई त्या सोमवारी जयसिंगपूरला मुलीकडे गेल्या. मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पाय चोळायला तिथं कुणाला सवड नव्हती. दोन वर्षं त्या खाटेवरून उठल्या नाहीत, आणि मग गेल्या. मुलगा ट्रकवरून यायचा तो थेट आईकडे उतरायचा, हिंगणवाडीला महिन्या-दोन महिन्यांनी एकदा, पैसे ठेवायला. बाराव्याला मालन गेली होती. तिला पंगतीत वाढायला दिलं नाही. गुरुजींनी हे लिहून पुढं कंसात घातलं होतं: तुमच्या कथेची आठवण झाली.

जाहिरात मात्र आणखी चार वर्षं चालू होती. कंपनीला नवी काढायची गरज पडली नाही, तेल खपत होतं. म्हातारी जाऊन दीड वर्ष झालं तरी दुपारच्या पिक्चरमध्ये ती रोज दोनदा खाटेवरून उठायची, ओसरी उतरायची आणि एकटी तुळशीपर्यंत जायची. मागे मालन हात सोडून उभी असायची आणि फरशीकडे बघायची. त्या चार वर्षांत म्हातारी एकदाही पडली नाही.

आता तेवीस वर्षांनी सगळं मांडलं तर असं दिसतं. कंपनीला गिऱ्हाईक मिळालं. आंबेरकरांना त्या चित्रामुळे पुढं पुष्कळ मुखपृष्ठं मिळाली. गुरुजींना त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यांत भरलेली सभा मिळाली. ती आठवण काढत ते सुखानं गेले. मला पुरस्कार मिळाला, शाल, नारळ, एक पुस्तक, त्याच्या तीन आवृत्त्या. आणि लाल टोपणाची ती बाटली, जी मालन ठेवून गेली. माझे गुडघे आता दुखतात. कुमुद एकदा म्हणाली, लावून तरी बघा. मी टोपण काढलं, वास अजून तसाच होता, आणि परत लावून ठेवलं.

माझ्या बाजूला खर्चाला काहीच दिसत नाही. मी पुन्हापुन्हा बघितलं. सगळा खर्च हिंगणवाडीत पडला आहे, एकाच घरात, एकाच नावावर, आणि त्या नावाला या सगळ्यातून मिळाल्या होत्या आठ बाटल्या. त्यातली एक माझ्याकडे आहे.